‘हे स्वतःच्याच आजारावर विनोद करतात, आणि मलाही हसू आलं’

पत्राचा सारांश: पत्रलेखिका ४९ वर्षांच्या आहेत, सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत मराठी शिकवतात. यजमान ५३ वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी त्यांना मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला. ऑपरेशन झालं, काही महिने शौचासाठी पोटावर पिशवी होती, ती नंतर निघाली, केमो झाली. आता फक्त ठरलेल्या तपासण्या. सुटीत पुण्याहून आलेल्या मुलाने एका रात्री ‘डेडपूल’ हा इंग्रजी सिनेमा लावला. चौदा वर्षांच्या धाकटीला मुद्दाम आत्याकडे पाठवलं होतं. शिव्या आणि रक्त बघून बाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. मग टॅक्सीतल्या प्रसंगात ‘मेरा जूता है जापानी’ वाजलं, यजमान गुणगुणायला लागले, आणि त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. पुढे नायकाला कर्करोग होतो. त्यावरच्या विनोदांना यजमान असे हसले, की आजारपणानंतर तसं हसणं घरात कुणी ऐकलंच नव्हतं. शेवटच्या प्रसंगातल्या एका वाक्याला बाईही हसल्या. ‘ते वाक्य मी लिहू शकत नाही’, असं त्या म्हणतात.

त्यानंतर घरात तीन गोष्टी झाल्या. पुतण्याच्या साखरपुड्यात जिलबीचा आग्रह झाला तेव्हा यजमान सगळ्यांसमोर म्हणाले, ‘वाढा, पण जपून. माझा पाइप कंपनीने फूटभर आखूड करून दिलाय.’ मंडळी हसली, सासूबाई मात्र पदर तोंडाला लावून आत गेल्या. धाकटी विचारते, ‘बाबांनी बघितला, दादाने बघितला, मग मी का नाही?’ आणि यजमानांना आता दुसरा भाग बघायचाय. बाईंचे प्रश्न: अशा गोष्टीवर हसणं बरोबर आहे का? घराची पातळी घसरतेय का? आणि यांना थांबवायचं कसं? पत्राच्या शेवटी, जाता जाता, एक ओळ आहे: ‘बाकी तब्येत ठीक आहे. फक्त कपडे बदलताना अजून दार लावून घेतात.’

उत्तर:

नमस्कार बाई,

तुम्ही उठून स्वयंपाकघरात गेलात, ते मला अगदी पटलं. हा सिनेमा पहिल्या दहा मिनिटांत नवख्या माणसाला घराबाहेर काढायचाच प्रयत्न करतो. जे उरतात त्यांच्याशीच त्याला बोलायचं असतं. तुम्ही दारापर्यंत परत आलात, तेव्हा सासूबाईंकडे आणि धाकटीकडे नंतर येते; आधी या सिनेमाबद्दल थोडं. तुमच्यासारखेच कपाळाला आठ्या घालून बसलेले पुष्कळ वाचक आहेत, आणि त्यांची आठी बहुतेक वेळा चुकीच्या जागी असते.

तुम्ही लिहिलंय, ‘सुपरहिरो म्हणजे पोरांचं काम, त्यात घाण मिसळली की काय उरलं?’ डेडपूल हे पात्र अमेरिकन कॉमिक्समध्ये १९९१ साली आलं ते भाडोत्री मारेकरी म्हणूनच. तोंड बंद न ठेवणं आणि आपण कॉमिकमध्ये आहोत हे ठाऊक असल्यासारखं वाचकाशी बोलणं, ही पुढे त्याची ओळख झाली. गंमत म्हणजे २००९ साली एका सिनेमात रायन रेनॉल्ड्स या नटाला हीच भूमिका मिळाली, आणि त्या लोकांनी शेवटी या बडबड्याचं तोंडच शिवून टाकलं. चाहते भडकले. मग नव्याने सिनेमा करायचा म्हणून २०१२ साली चाचणीपुरता एक छोटा तुकडा तयार झाला, तो कपाटात पडून राहिला. २०१४ साली तो फुटून इंटरनेटवर आला, लोकांनी डोक्यावर घेतला, तेव्हा कुठे स्टुडिओने होकार दिला. पैसे मात्र हात राखूनच दिले: ५.८ कोटी डॉलर. आपल्याला आकडा डोळे फिरवणारा वाटेल, पण या जातीच्या सिनेमांत ती काटकसरच. २०१६ साली आलेल्या त्या सिनेमाने जगभरात सुमारे ७८ कोटी डॉलर कमावले.

हा हिशेब सांगायचं कारण असं, की त्या काटकसरीतूनच सिनेमाचा स्वभाव घडलाय. शेवटच्या मोठ्या मारामारीला निघताना नायक बंदुकांची पिशवी टॅक्सीत विसरतो, आठवतंय? ऐन वेळी खर्चाला कात्री लागली, बंदुकांची लांबलचक लढाई परवडेना, म्हणून लेखकांनी पिशवीच विसरायला लावली. सुपरहिरोंच्या भल्यामोठ्या बंगल्यात त्याला दोघेच जण भेटतात, तर तो तोंडावर म्हणतो की स्टुडिओला तिसरा परवडला नसावा. सुरुवातीच्या श्रेयनामावलीत नटांची नावंच नाहीत. ‘एक ब्रिटिश खलनायक’, ‘एक तिरसट पोरगी’ अशा पाट्या येतात. दिग्दर्शकाला फुकटचा पगार खाणारा ठरवलंय, आणि लेखकांनी स्वतःला ‘खरे हिरो’ म्हणवून घेतलंय. म्हणजे हा सिनेमा दुसऱ्या कुणाच्याही आधी स्वतःची लाज काढतो. तुमच्या यजमानांनी साखरपुड्यात जे केलं तेही तेच होतं. त्यांनी जिलबी वाढणाऱ्याची किंवा एखाद्या लठ्ठ पाहुण्याची टर उडवली नाही. स्वतःच्या आतड्याची उडवली.

आता भाषेचा प्रश्न. आयुष्यभर ऱ्हस्व-दीर्घ तपासणाऱ्या बाईंना शिव्यांचा पाऊस सोसला नाही, यात नवल नाही. पण तुम्ही मराठी शिकवता, म्हणून तुम्हाला एक आठवण करून देते. तमाशातला सोंगाड्या काय करायचा? वग ऐन रंगात आला असताना मध्येच थांबून समोरच्या पाटलाला, फौजदाराला, पहिल्या रांगेतल्या प्रतिष्ठिताला चिमटा काढायचा, राजाला ‘तुझा मुकुट पुठ्ठ्याचा आहे’ म्हणून सांगायचा, आणि बतावणीत असं काही बोलायचा की बायाबापड्या पदराआड हसायच्या. दादा कोंडकेंचा सगळा जीव त्यातच होता. हा लाल कपड्यातला प्राणी कॅमेऱ्याकडे तोंड करून आपल्याशी बोलतो, तेव्हा सातारकर बाईंनी परक्यासारखं बघायचं कारण नाही. तुकोबांची गाथा शाळेच्या पुस्तकात येते तेव्हा कुठले अभंग गाळून येते, हेही तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

सिनेमा निर्दोष आहे असं मात्र मी म्हणत नाही. खलनायक अगदीच बेताचा आहे. सूडाची गोष्ट पन्नास वेळा बघितलेली आहे. काही विनोद नुसतेच आंबट आहेत, आणि माणसं कापली जातात तिथे कॅमेरा जरा जास्तच रेंगाळतो. हे सगळं नावडलं म्हणून कुणी तुम्हाला मागासलेलं म्हटलं, तर त्यालाच तुमची ती आठी दाखवा. प्रौढांसाठीचा सिनेमा बघितला नाही म्हणून कुणाचं प्रौढत्व कमी होत नाही. पण तुम्हाला तो आवडला. तिथेच तुमची पंचाईत झालीय.

आणि आवडला कुठे? त्या वाक्याला. बाई, ते वाक्य कुठलं हे मला ठाऊक आहे आणि मीही ते इथे लिहू शकत नाही. पण त्याच्याआधी काय घडतं ते लिहिता येईल. उपचारांच्या नावाखाली झालेल्या छळात नायकाचा, म्हणजे वेडचा, कर्करोग जातो, पण चेहरा आणि सगळं अंग भाजल्यासारखं होऊन बसतं. रस्त्यावर लोक त्याच्याकडे बघून तोंड फिरवतात. त्याची प्रेयसी व्हेनेसा, तिच्या जवळपास तो घुटमळतो, समोर जात नाही. शेवटी मुखवटा काढायची वेळ येते, तर आत त्याने दुसऱ्याच एका देखण्या नटाचा कागदी चेहरा स्टेपल करून ठेवलेला असतो. ती तो कागदही काढते. बघते. आणि मग काय म्हणते? ‘मला तुझं बाह्यरूप महत्त्वाचं नाही’ असलं शाळेच्या फळ्यावर शोभणारं काही ती म्हणत नाही. तसं म्हणाली असती तर त्याला कळलं असतं की हिला कीव आलीय. ती असं वाक्य म्हणते जे फक्त नवरा-बायकोतच शोभतं. अत्यंत चावट. या चेहऱ्याची मला शिसारी नाही, हा मला अजून हवासा आहे, एवढं सगळं त्यात येतं. त्या जागी सभ्य वाक्य खोटं पडलं असतं.

तुम्ही हसलात ते त्याला. आता तुमच्या पत्राची शेवटची ओळ परत वाचा. ‘कपडे बदलताना अजून दार लावून घेतात.’

मी डॉक्टर नाही, तुमच्या घरात राहत नाही, आणि एका ओळीवरून माणूस ओळखायचा मोह मला आवरायला हवा. पण पोटावर पिशवी वागवलेल्या माणसाला तिचे दिवस, तो वास, मध्येच होणारा तो आवाज, हे सगळं ती निघाल्यावरही सुटत नाही, असं लिहिणारी पत्रं माझ्याकडे येतात. पिशवी जाते, पण ऑपरेशनचा उभा व्रण आणि पिशवीच्या जागेची खूण राहते. त्या काळात तुम्ही ती पिशवी रिकामी केलीत, धुतलीत, चामडी लाल झाली तर पावडर लावलीत. म्हणजे तुम्ही त्यांचं पोट नर्ससारखं शेकडो वेळा पाहिलंय. बायकोसारखं पाहिल्याला किती दिवस झाले? हा प्रश्न सगळ्यांदेखत विचारते म्हणून रागावू नका. असे दार लावणारे पुरुष आणि स्वयंपाकघरातून त्या दाराकडे बघणाऱ्या बायका माझ्या वाचकांत भरपूर आहेत. घरात आजाराचं सगळं बोलून झालेलं असतं: पथ्य, रक्ताचे आकडे, विम्याचे कागद. एवढंच राहिलेलं असतं.

त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाला, हसणं बरोबर का, मी हो म्हणते आणि एक काम देते. ते वाक्य तुम्हाला लिहिता आलं नाही, पण आठवणीत आहे ना? एखाद्या रात्री ते, किंवा त्याचं तुमच्या घरच्या बोलीतलं रूप, यांना ऐकवा. दाराच्या आतून. फार तयारी करू नका, गंभीर चेहरा तर मुळीच नको. हे हसतील, लाजतील, कदाचित ‘काय बोलतेस’ म्हणून पाठ फिरवतील. फिरवू देत. जमलंच नाही, किंवा त्यांना खरोखर शारीरिक अडचण असेल, तर तसं कर्करोगतज्ज्ञाला (ऑन्कॉलॉजिस्टला) किंवा सर्जनला स्पष्ट विचारा. आतड्याच्या खालच्या भागाच्या ऑपरेशननंतर आणि विशेषतः किरणोपचार झाले असतील तर अशा तक्रारी होतात, त्यावर उपाय असतात. आपल्याकडे कुणी विचारत नाही, आणि घाईत असलेले डॉक्टर आपणहून विषय काढत नाहीत.

सिनेमातला आणखी एक प्रसंग. डॉक्टर निदान सांगतात तेव्हा वेड विनोद करतो, आणि व्हेनेसा लगेच पुढच्या उपायांची यादी करायला लागते: हा नाही तर तो, तो नाही तर तिसरा. तो तिकडे ऐकतच नसतो. तो तिचा चेहरा पाठ करत असतो. तुम्ही लिहिलंय की या प्रसंगात तुम्हाला त्या नायकाचा राग आला, ‘बायको जीव तोडून धावतेय आणि याला मस्करी सुचतेय’. तुमची ती प्लॅस्टिकच्या कप्प्यांची फाइल मी न बघता डोळ्यांपुढे आणू शकते: रिपोर्ट तारखेनुसार, बिलं वेगळी, परळला दुसरं मत घ्यायला गेलात त्याची नोंद वरच. ती फाइल होती म्हणून उपचार वेळेवर झाले. पण त्या दोन वर्षांत आजार तुमच्या ताब्यात गेला, बाई. काय खायचं, कुणाला सांगायचं, काय सांगायचं, सगळं तुम्ही ठरवलंत. ठरवायलाच हवं होतं, त्यांच्यात ताकद नव्हती. आता आहे. विनोद करून ते बहुधा एवढंच म्हणताहेत की ही फाइल जरा माझ्याकडेही द्या.

‘यांना थांबवायचं कसं’ हा तुमचा प्रश्न मला म्हणून खटकतो. ज्याचं दुखणं, विनोदाचा पहिला हक्क त्याचा. तुम्ही किंवा मी त्यांच्या आतड्यावर विनोद केला असता तर तो क्रूरपणा झाला असता. मुलाने केला असता तर मी त्याचा कान धरला असता. त्यांनी केला, तर तो त्यांचा. अशा घरांतल्या बाकीच्या मंडळींसाठीही सांगते: आजारी माणूस स्वतःवर हसला तर हसा. त्याच्या आधी हसू नका, आणि त्याचा विनोद उचलून दुसरीकडे खपवू नका.

हक्काला एक मर्यादा मात्र आहे, आणि ती तुमच्या सासूबाई आहेत. साखरपुड्यात बसलेली पंचाहत्तरीची आई तिकीट काढून आली नव्हती. तिच्या मुलाचं आतडं कापलं हे तिला अजून गिळता आलेलं नाही, आणि ते पंक्तीत जिलबीबरोबर वाढलं गेलं. बऱ्याच घरांत म्हाताऱ्या आईला आजाराचं नावही सांगितलेलं नसतं, ‘पोटाचं ऑपरेशन’ म्हणून भागवलेलं असतं. तुमच्याकडे तसंच झालं असेल, तर तिला सगळी हकीकत आधी सरळ शब्दांत कळायला हवी, तीही मुलाच्याच तोंडून. यजमानांना असं सांगून बघा: ‘तुम्ही विनोद करा, मी अडवणार नाही. पण आईंजवळ एकदा बसा, व्रण दाखवा, त्यांना रडायचं तर रडू द्या. मग पुढच्या पंक्तीत त्या काय करतात बघू.’ काही म्हाताऱ्या बायका अशा वेळी मुलापेक्षा जहाल विनोद करतात. तुमच्या सासूबाईंना मी ओळखत नाही, पण त्या पिढीला कमी लेखू नये.

दुसरी एक गोष्ट तुम्हीच गुपचूप बघायची आहे. विनोद करणारा माणूस कधी कधी त्याच्याआड लपतो. याच सिनेमात बघा ना. एवढा बोलणारा वेड एके रात्री व्हेनेसाला झोपेत सोडून निघून जातो. कर्करोग आपलं जे करतो त्याहून आपल्या माणसांचं जे करतो ते वाईट, असं त्याचं म्हणणं. तिला विचारत नाही, सांगत नाही. सगळ्या शिव्यांपेक्षा मला तेच अश्लील वाटलं. तेव्हा एवढं तपासा: यजमान सीईएची (कर्करोग परतल्याची खूण शोधणारी) रक्ततपासणी, सीटी स्कॅन, कोलोनोस्कोपी (आतड्याची दुर्बिणीने तपासणी) ठरल्या वेळी करून घेताहेत ना? झोप, जेवण, दुकानात किंवा कामावर जाणं नीट आहे? तपासणीची तारीख आली की विनोद वाढतात आणि तारीख पुढे ढकलली जाते, असं होत असेल तर ते हसणं नाही, ती भीती आहे. मोठ्या कर्करोग रुग्णालयांत समुपदेशक असतात, रुग्णांचे गट असतात. ‘वेड लागलं म्हणून’ तिथे जायचं नसतं. बरे झालेले लोकही तिथे येतात. तिथले विनोद ऐकलेत तर हा सिनेमा तुम्हाला सोवळ्यातला वाटेल. आणि सगळं वेळेवर चाललं असेल, तर जिलबीवरून काळजी करू नका. या सिनेमाच्या प्रसिद्धीच्या वेळी याच पात्राने पुरुषांना वृषणाच्या कर्करोगासाठी स्वतःची तपासणी कशी करायची हे सांगणारी छोटी फीत केली होती, चावटपणासकट. गंभीर आवाजातल्या जाहिराती ऐकून हात न हलवणाऱ्या किती पुरुषांना तुम्ही ओळखता?

धाकटीचं उत्तर सोपं आहे: नाही. आपल्याकडे थिएटरात या सिनेमाला ‘ए’ प्रमाणपत्र होतं, म्हणजे अठराच्या आतल्या कुणालाही प्रवेश नाही, आईवडील बरोबर असले तरी. अमेरिकेत ‘आर’ श्रेणी असते, तिथे सतराखालचं मूल पालकांबरोबर जाऊ शकतं. त्यामुळे ‘तिकडची मुलं बघतात’ हे तिचं म्हणणं अर्धं खरं असतं, आणि अर्ध्या खऱ्याशी वाद घालणं फार अवघड. २०२४पासून आपल्या सेन्सॉर बोर्डाने ‘यूए’मध्ये (पालकांच्या देखरेखीखाली बघायच्या सिनेमांच्या श्रेणीत) सात, तेरा आणि सोळा वर्षं असे टप्पे केलेत, चौदा वर्षांच्या मुलीबरोबर बसून बघण्याजोग्या सिनेमांची यादी करायला ते उपयोगी पडतात. दुसऱ्या भागाची शिव्या आणि रक्त छाटलेली आवृत्तीही २०१८च्या डिसेंबरात अमेरिकेत आली होती. तिच्या नादी लागू नका. मीठ काढलेलं लोणचं आहे ते, आणि ज्या गोष्टीची मला धाकटीसाठी जास्त काळजी वाटते (ती पुढे दुसऱ्या भागाबद्दल लिहिताना सांगते) ती त्यात तशीच आहे.

पण ‘नाही’ म्हणताना ‘ते घाण असतं’ हे कारण देऊ नका. बाबा खदखदून हसलेले दादाने तिला सांगितलंच असणार, त्यामुळे ते कारण तिला पटणारच नाही. तिचा प्रश्न मला सिनेमाचा वाटतही नाही. ऑपरेशनच्या वेळी तिला कुठे ठेवलं होतंत? तुमच्या पत्रात ओझरता उल्लेख आहे: आत्याकडे. आणि परवा सिनेमाच्या रात्री? आत्याकडेच. घरात काहीतरी मोठं घडतं तेव्हा आपल्याला पिशवी भरून रवाना करतात, एवढं तिने टिपलंय. बारा वर्षांची होती तेव्हा ते समजण्यासारखं होतं. आता तिला बाबांच्या आजाराची हकीकत नावासकट सांगा: काय कापलं, काय जोडलं, तपासण्या कशासाठी करायच्या, पुन्हा होण्याची शक्यता डॉक्टर किती सांगतात. प्रश्न विचारू द्या. फाइल दाखवा. सिनेमा अठराव्या वाढदिवसानंतर, हे तिला आजच सांगून टाका. मोठ्या भावाने तोवर तिला तुकडे फोनवर दाखवलेत का, हे त्याला एकट्याला गाठून विचारा.

राहिला दुसरा भाग. इथे मी थोडी गोष्ट फोडणार आहे, कारण तुमच्या घरात ती आधी माहीत असलेली बरी. २०१८च्या त्या सिनेमात सुरुवातीलाच व्हेनेसा मारली जाते. ज्याला मरणच येत नाही असा नायक मग स्वतःला संपवायचा प्रयत्न करतो, आणि पुढचा बराच सिनेमा मागे राहिलेल्या माणसाच्या दुःखाबद्दल आहे. विनोद तितकेच चावट, पण ‘मागे कोण राहणार’ हा प्रश्न ज्या घराने दोन वर्षं उशाशी घेऊन काढलाय तिथे तो अचानक अंगावर येऊ नये. यांना आधी सांगा, मग बघायचा की नाही हे त्यांनाच ठरवू द्या. बघायचं ठरलं तर या वेळी तुम्ही दारात उभ्या राहू नका, सोफ्यावर बसा. नको वाटलं तर उठून जायची मुभा दोघांनाही असू दे, कारण न विचारता. सासूबाईंची झोपायची वेळ झाल्यावर आवाज कमी करून लावा. आणि दिवस निवडताना रिपोर्ट यायच्या आदली रात्र तेवढी टाळा.